किल्ली आत, आपण बाहेर: गाडी लॉक झाल्यावर काय करायचं

नवी गाडी ताब्यात देताना शोरूममधला माणूस टचस्क्रीन, सनरूफ, ब्लूटूथ सगळं रंगवून सांगतो. किल्ली आत राहिली आणि दारं बंद झाली तर काय, यावर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. मग एखाद्या दिवशी पेट्रोल पंपावर हवा भरायला उतरावं, मागे 'खट्' असा आवाज यावा, आणि काचेतून आपलीच किल्ली, आपलंच पाकीट आणि आपलाच मोबाइल आपल्याकडे बघत बसलेले दिसावेत, असं होतं. भोवती चार माणसं जमतात, त्यातली तीन उंटावरून शेळ्या हाकणारी असतात.

हा लेख पहिलीच गाडी घेतलेल्यांसाठी आहे. अशा वेळी युक्तीपेक्षा क्रम महत्त्वाचा. आधी काय बघायचं आणि नंतर काय, एवढं डोक्यात असेल तर काच फुटत नाही, पैसेही फार जात नाहीत. म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने घ्या.

पहिलं: आत कोण आहे?

आत मूल, आजारी किंवा वयस्कर माणूस, कुत्रा किंवा मांजर असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या विसरा. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापते. म्हणजे बाहेर 32 असेल तर आत चाळिशी पार. काच बोटभर उघडी असली तरी फारसा फरक पडत नाही. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं, त्यामुळे 'झोपलंय ना शांत, दहा मिनिटांत चावीवाला येतोच आहे' हा हिशोब करूच नका.

एकाने 112 लावायचा. दुसऱ्याने मुलाशी काचेजवळ जाऊन हसत, खेळ खेळल्यासारखं बोलायचं. आपण रडकुंडीला आलो तर तेही रडतं आणि घामाघूम होतं. तीन-चार वर्षांचं मूल असेल तर बहुतेकदा तेच दार उघडू शकतं. किल्ली त्याच्या हाताशी असेल तर 'उघड्या कुलपाचं चित्र आहे ना, ते दाब' असं सांगा. नसेल तर त्याला पुढच्या सीटवर यायला सांगा. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेलं असलं की आतून कितीही खेचलं तरी ती उघडत नाहीत, पुढची उघडतात. गोंधळात ही गोष्ट हमखास विसरली जाते आणि मूल मागच्याच हँडलशी झटत राहतं.

मूल फार लहान असेल, सुस्त दिसत असेल, घामाने भिजलं असेल, किंवा गाडी उन्हात असेल आणि दार लगेच उघडत नसेल, तर काच फोडा. कुणाची परवानगी लागत नाही आणि काचेचे पैसे हा त्या क्षणाचा विषय नाही. मात्र काच कुठली आणि कशी फोडायची, हे माहीत असावं.

पुढच्या मोठ्या काचेच्या नादी लागू नका. तिच्यात दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो. ती तडकते, जाळी पडते, पण जागची हलत नाही. बाजूच्या दारांची काच कडक केलेली असते. नीट फटका बसला की तिचे साबुदाण्याएवढे तुकडे होऊन ती खाली येते. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच निवडा. फटका मधोमध मारायचा नाही, तिथे काच लवते. खालच्या कोपऱ्याजवळ, टोकदार आणि कडक वस्तूने मारा. आपला पाना आणि जॅक डिकीत असतात आणि डिकी बंद असते, तेव्हा रिक्षावाल्याकडे, ट्रकवाल्याकडे टॉमी (लोखंडी दांडा) मागा. हाताला कापड गुंडाळा, तोंड फिरवा. काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही दोन थरांच्या असतात. एक काच दोन-चार फटक्यांत पडत नसेल तर हट्ट सोडा आणि मागची काच बघा.

हेडरेस्ट काढून त्याच्या दांड्यांनी काच फोडण्याचा व्हिडिओ तुम्हालाही कुणीतरी पाठवला असेलच. हेडरेस्ट गाडीच्या आत असतं. आपण बाहेर आहोत.

दुसरं: इंजिन चालू आहे का?

पावसाळ्यात ताम्हिणीत किंवा माळशेजला धबधब्यापाशी हे फार होतं. वायपर आणि एसी चालू ठेवून 'एकच फोटो' म्हणून सगळे उतरतात आणि दार ओढून घेतात. काही गाड्यांत वेग घेतल्यावर लॉक आपोआप लागतं आणि कुणी उघडेपर्यंत लागलेलंच राहतं. काही गाड्यांत रिमोटने उघडून अर्ध्या मिनिटात एकही दार उघडलं नाही तर गाडी परत स्वतःला बंद करून घेते. तुमची गाडी यातलं काय करते, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ती दोन पानं वाचून ठेवा.

इंजिन उघड्यावर चालू असेल तर घाबरायचं कारण नाही. थोडं इंधन जळेल, बस्स. बेसमेंट किंवा बंद गॅरेज असेल तर मात्र धूर बाहेर जायला शटर, दारं उघडा आणि स्वतः बाहेर थांबा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वासाने कळत नाही. आणि हो, चालकाच्या जागी परवानाधारक नसताना सार्वजनिक ठिकाणी इंजिन चालू ठेवून गाडी उभी करणं मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 126 मध्ये बसत नाही. म्हणून दंड होईलच असं नाही, पण हवालदार आले तर हुज्जत घालायला आपली बाजू लंगडी आहे, एवढं ध्यानात असू द्या.

एक्सप्रेसवेवर असाल तर गाडीशेजारी उभं राहू नका. सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे जायचं. चारही इंडिकेटर आणि लाल त्रिकोण आत अडकलेत, म्हणजे मागून येणाऱ्याला तुमची गाडी बंद पडली आहे हे कळायला काहीच मार्ग नाही.

तिसरं: चार दारं आणि डिकी

चारही दारांची हँडलं एकदा शांतपणे ओढून बघा. हसू नका. घाबरलेला माणूस ड्रायव्हरचं एकच दार दहा वेळा ओढतो. जुन्या किंवा बेस मॉडेलच्या गाडीत सेंट्रल लॉक नसतं, आणि असलं तरी एखाद्या दाराची मोटर गेलेली असते.

मग डिकी. हॅचबॅकची डिकी उघडली म्हणजे गाडी उघडलीच. मागच्या सीटच्या पाठीचे खटके वरच्या कोपऱ्यांत, डिकीच्या बाजूने हात जाईल असे असतात. पार्सल ट्रे काढायचा, खटका दाबून पाठ पुढे पाडायची आणि घरातल्या सडपातळ माणसाला आत सोडायचं. सेडानमध्ये हे दर वेळी जमत नाही, कारण बऱ्याच गाड्यांत पाठ पडतच नाही.

चौथं: किल्ली हातात आहे, तरी दार उघडत नाही?

बटण दाबून चालू होणारी गाडी घेतलेले नवे लोक इथे सर्वांत जास्त घाबरतात, आणि खरं म्हणजे इथे घाबरण्यासारखं सर्वांत कमी असतं. रिमोट मेला की त्यांना वाटतं गाडीच मेली.

रिमोट पालथा करा. कडेला एक छोटा खटका किंवा सरकपट्टी असते. ती दाबून ओढली की आतून पत्र्याची साधी किल्ली निघते. बऱ्याच लोकांना तीन-चार वर्षं गाडी चालवूनही ती आत आहे हे माहीत नसतं. आता ड्रायव्हरच्या दाराचं हँडल बघा. किल्लीचं भोक दिसत असेल तर प्रश्नच मिटला. दिसत नसेल तर ते हँडलच्या टोकाच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली लपलेलं असतं. झाकणाला खालून एक बारीक खाच असते, तिच्यात त्याच किल्लीचं टोक घालून अलगद वर उचकायचं. किल्ली फिरवली की दार उघडतं आणि लगेच अलार्म कोकलायला लागतो. कोकलू द्या. आत बसा, ब्रेक दाबा आणि रिमोटच स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबा. सेल पूर्ण उतरलेला असला तरी बहुतेक गाड्या इतक्या जवळून रिमोटची चिप ओळखतात, गाडी चालू होते आणि अलार्म गप्प बसतो. काही मॉडेलमध्ये रिमोट टेकवायची जागा वेगळी असते, कप ठेवायच्या खाचेत वगैरे. तेही मॅन्युअलमध्ये असतं.

सेल बदलायला कंपनीत जायची गरज नाही. रिमोटमध्ये बहुधा सीआर 2032 नावाचा तीन व्होल्टचा चपटा सेल असतो, घड्याळवाल्याकडे मिळतो. जुना सेल काढून त्यावरचा आकडा वाचून तोच मागा, कारण काही गाड्यांना 2025 किंवा 1632 लागतो.

रिमोटचा दिवा लागतोय पण गाडीच प्रतिसाद देत नाही, तर गाडीची बॅटरी उतरलेली असणार. गावाला जाऊन महिनाभराने आलेल्यांची ही तक्रार. तेव्हाही हीच पत्र्याची किल्ली कामाला येते, पण ड्रायव्हरच्याच दाराला. डिकीचं लॉक विजेवर चालणारं असेल तर बॅटरीला जंप (दुसऱ्या बॅटरीतून तात्पुरता करंट) दिल्याशिवाय ती उघडणार नाही.

तारकर्ली-देवबागला किल्ली खिशात ठेवून समुद्रात उतरणाऱ्यांसाठी एक वेगळं वाक्य: खारं पाणी गेलेला रिमोट बटण दाबदाबून वाचत नाही. सेल लगेच काढा, गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या आणि तोवर पत्र्याच्या किल्लीवर भागवा.

पाचवं: फोन हातात असेल तर

ह्युंदाईचं ब्लूलिंक, कियाचं किया कनेक्ट अशी ॲप असलेल्या गाड्या फोनवरून उघडता येतात. पण तीन अटी असतात. ॲप आधीच गाडीशी जोडलेलं हवं, वर्गणीची मुदत संपलेली नको, आणि गाडी जिथे आहे तिथे गाडीला रेंज हवी. तुमच्या फोनला रेंज असून उपयोग नाही. मॉलच्या दुसऱ्या बेसमेंटमध्ये किंवा घाटात हे ॲप हात वर करतं. फोनही आतच असेल तर घरच्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर ॲप असणं किती उपयोगी, ते त्या दिवशी कळतं. आजच बायकोच्या, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर टाकून ठेवा.

सहावं: दुसरी किल्ली

घर तासाभराच्या अंतरावर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: दुसरी किल्ली मागवा आणि चहा घ्या. गाडी उघडायची याहून स्वस्त आणि ओरखडा न उठवणारी रीत नाही. लोकांना मात्र तासभर थांबणं जिवावर येतं, मग वीस मिनिटं वाचवायला दाराचं रबर फाडून घेतात. मुंबई-पुणे, पुणे-नाशिक अशा वाटेवर असाल तर त्या बाजूने येणारा कुणी ना कुणी ओळखीत निघतोच.

सातवं: रोडसाइड असिस्टन्स

गाडीच्या कंपनीचा किंवा विम्याचा रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात अडलेल्या गाडीला मदत करणारी सेवा, तुमच्याकडे आहे का, हे बहुतेकांना माहीत नसतं. नव्या गाडीबरोबर तो अनेकदा असतोच, आणि विम्यात तो ॲड-ऑन (वेगळे पैसे भरून घ्यायची जादा सोय) म्हणून घेतलेला असतो. किल्ली आत राहणं त्यात सहसा धरलेलं असतं: एकतर ते तुमची दुसरी किल्ली आणून देतात, नाहीतर माणूस पाठवतात. फोनवर चार गोष्टी एका दमात सांगा. गाडीचा नंबर, मॉडेल, नेमकं ठिकाण (महामार्गावर असाल तर कडेच्या दगडावरचा किलोमीटर आणि कुठल्या दिशेची लेन), आणि इंजिन चालू आहे की बंद. 'लोणावळ्याच्या जरा पुढे' हा पत्ता नाही.

राष्ट्रीय महामार्गावर 1033 ही मदतीची लाइन आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे, त्यामुळे तिथे 1033 च्या भरवशावर राहू नका. अडचण गंभीर असेल तर 112 सगळीकडे चालतो.

आठवं: चावीवाला

चांगला चावीवाला गाडी कशी उघडतो हे एकदा बघितलं की वाईट लगेच ओळखू येतो. तो आधी गाडीभोवती एक फेरी मारतो, काचेला हात लावून आत डोकावतो: किल्ली कुठे आहे, लॉकचं बटण कुठे, हँडल कसलं. मग दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात रंगावर कापड किंवा टेप लावतो. फटीत रबराची चपटी पिशवी सरकवतो आणि हातातला फुगा दाबत तिच्यात हवा भरतो. दार पेन्सिल जाईल एवढंच उघडतं, त्याहून जास्त नाही. त्या फटीतून टोकाला रबर लावलेली लांब सळई आत जाते आणि तो एका डोळ्याने काचेतून बघत आतलं बटण किंवा हँडल चाचपत राहतो. दोनदा सळई घसरते, तिसऱ्यांदा अडकते आणि 'खट्'. ना ओरखडा, ना वाकलेली चौकट. या कामात जोर लागत नाही, आणि जो आल्या आल्या स्क्रू ड्रायव्हर दाराच्या फटीत घालून उचकायला लागतो त्याला तिथेच थांबवा. चौकट एकदा वाकली की पुढचे सगळे पावसाळे दारातून पाणी येतं आणि ऐंशीच्या वेगाला शिट्टी वाजते.

काच आणि रबराच्या मधून स्टीलची पट्टी खाली सोडून लॉक ओढायची जुनी पद्धत अजून काही जण वापरतात. 2014 साली बंद झालेल्या मारुती 800 ला, ओम्नीला ती चालायची, कारण दारात सरळ सळया होत्या आणि बाकी पोकळी. आताच्या दारात पॉवर विंडोच्या वायरी, स्पीकर आणि काही गाड्यांत एअरबॅगचे सेन्सरही असतात, आणि लॉक केबलवर चालतं. पट्टीला धरायला काही सापडत नाही आणि वायर मात्र तुटते.

पैसे आधी ठरवा, 'फक्त उघडायचे' आणि 'नवी किल्ली बनवायचे' वेगळे. रात्री दर जास्त असणार, तेही आधीच विचारून घ्या. दुकान असलेला, शेजारच्या गॅरेजवाल्याने सांगितलेला माणूस केव्हाही बरा. त्याने गाडी तुमचीच आहे का हे विचारलं तर रागावू नका, उलट न विचारणाऱ्याची काळजी करा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) 2018 च्या नियमबदलानंतर मूळ कागदासारखंच चालतं. फोन आत असेल तर दुसऱ्याच्या फोनवर आपलं खातं उघडून दाखवा, काम झालं की लॉगआउट करा.

हे करू नका

टेनिस बॉलला भोक पाडून किल्लीच्या भोकावर दाबायचा आणि हवेने लॉक उघडायचं, ही थाप आहे. बुटाच्या नाडीचा फास करून आतली खुंटी वर ओढायची युक्ती खरी आहे, पण काचेच्या कडेला उभी खुंटी असलेल्या जुन्या गाड्यांपुरतीच. नव्या गाडीत खुंटीच नाही, तर फास अडकवणार कशाला? कपड्यांच्या हँगरची तार रंगाची वाट लावते. आणि मागच्या त्रिकोणी छोट्या काचेला 'स्वस्तात पडेल' म्हणून फोडू नका. ती चिकटवलेली असते आणि दाराच्या काचेपेक्षा बसवायला महाग पडू शकते.

काच फुटलीच तर

विम्यात काचेवर घसारा (वापराने घटलेली किंमत) कापत नाहीत, पण दाव्यातला ठरलेला वाटा आपल्याला भरावा लागतो: 1500 सीसीपर्यंतच्या इंजिनाला 1000 रुपये, त्यावर 2000. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, जो पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. एका दाराच्या काचेसाठी तो घालवायचा का, याचा हिशोब आधी कागदावर मांडा. बोनस वाचवणारा ॲड-ऑन असेल तर गोष्ट वेगळी.

घरी बसल्या करायची कामं

सर्वांत कामाची गोष्ट शंभर-दोनशे रुपयांच्या आसपासची आहे. चावीवाल्याकडून चिप नसलेली, नुसती पत्र्याची किल्ली कापून घ्या. आताच्या गाड्यांत इमोबिलायझर (किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) असतो, त्यामुळे या किल्लीने इंजिन चालू होणार नाही, पण दार उघडेल, आणि आपल्याला तेवढंच हवंय. चोराला मिळाली तरी गाडी पळवता येणार नाही. काही नव्या किल्ल्यांची खाच पात्याच्या मधोमध कोरलेली असते, ती कापायचं मशीन प्रत्येकाकडे नसतं, तेव्हा आधी किल्ली दाखवा. कापून आणल्यावर दाराला लावून बघायला विसरू नका. ही किल्ली गाडीत ठेवायची नाही, जोडीदाराच्या पर्समध्ये किंवा घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायची. चुंबकाच्या डबीत बंपरखाली लपवायची असेल तर हीच लपवा. बटणाच्या गाडीचा दुसरा रिमोट कधीच नको, कारण रिमोट जवळ आहे म्हणताच गाडी कुणालाही दार उघडून देते.

एक फोन नंबर पाठ करा, कुणाचाही चालेल. फोन आत अडकल्यावर आईचासुद्धा नंबर न आठवणारे लोक पुष्कळ आहेत.

दार नेहमी बाहेरून, किल्ली हातात धरून, बटण दाबून लॉक करायचं. आतलं बटण दाबून दार ढकलायची सवय असेल तर मोडा.

जुनी गाडी घेत असाल तर दोन्ही किल्ल्या हातात पडल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका, 'दुसरी सापडली की पाठवतो' यावर तर अजिबात नको. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते आणि एकच असेल तर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. म्हणूनच एखादी किल्ली खरोखर हरवली तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून तिची प्रत विम्याच्या कागदांत लावून ठेवा. किल्ली बदलून मिळण्याचा ('की रिप्लेसमेंट') ॲड-ऑन घेतला असेल तर दाव्यालाही तीच प्रत लागते.